पणजोबांच्या वहीतली पाच पायली

वाचकाचं पत्र :

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं, खोतांचं, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांचं घराणं. वय 41, पुण्यात बँकेत नोकरी. पहिल्या पुरुषाला सनद कशी मिळाली, पणजोबांच्या शब्दाला पंचक्रोशीत कसा मान होता, या गोष्टी आजीकडून ऐकत मोठी झाले. त्यावर कादंबरी लिहायचं फार दिवस मनात आहे. मागच्या गणपतीत माळ्यावरच्या पेटीत पणजोबांच्या हिशेबाच्या वह्या सापडल्या. मोडी येणाऱ्या एका गृहस्थांकडून वाचून घेतल्या. त्यात दर महिन्याला खालच्या वाडीतल्या एका बाईच्या नावे 'भात पाच पायली' अशी नोंद आहे. कशाबद्दल, ते लिहिलेलं नाही. आजी 1946 साली लग्न होऊन या घरात आली. ती म्हणायची, ती बाई कामाला होती. पण त्या बाईच्या घरची माणसं अजून वाडीत आहेत आणि त्यातल्या दोघांचे चेहरे थेट आमच्या काकांसारखे आहेत. गावाला दिसतं, बोलत कुणी नाही. आमच्या कुलवृत्तान्तात पणजोबांच्या नावाखाली एक पत्नी आणि तीन मुलगे आहेत. (पणजोबा 1938 साली वारले. नोंदी मात्र पुढे सहा वर्षं आहेत, कच्च्या बाळबोध, म्हणजे देवनागरी अक्षरात.) काका म्हणतात, घराण्याची अब्रू वेशीवर टांगायची असेल तर माहेरचा उंबरा विसर, मी कोर्टात खेचीन. चुलतभाऊ म्हणतो, आधी डीएनए टेस्ट करू, मग लिही. मला हे लिहायचा हक्क आहे का? कादंबरी लिहू की सरळ घराण्याचा इतिहास? आणि झोप उडालीय ती वेगळ्याच कारणानं. ज्या घराण्याचा अभिमान बाळगला ते असं असेल, तर मी कोण?

– खोतांची पणती

उत्तर :

पणतीबाई,

पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही कंसात टाकलीत. तुम्ही, काका आणि चुलतभाऊ, तिघंही पणजोबांनी काय केलं यावरून भांडताय. मला पणजोबांचं फारसं कुतूहल नाही. खोत आणि वाडीतली बाई ही गोष्ट कोकणाला नवी नाही आणि ती कशी घडते हे सांगायला कादंबरीकार लागत नाही. पण ते गेल्यावर पाच पायली भात सहा वर्षं कुणी चालू ठेवलं? मोडी न येणारं, बाळबोध जेमतेम गिरवणारं त्या घरात कोण होतं? मुलगे शाळेत गेलेले असणार, त्यांचं अक्षर इतकं कच्चं असायचं कारण नाही. मला तुमच्या पणजीचा संशय येतो.

संशयच आहे, पुरावा नाही. कादंबरी लिहिणाऱ्याला तेवढा पुरतो.

आता त्या पणजीकडे बघा. नवरा गेलेला. घरात तीन मुलगे, त्यांच्या बायका येणार किंवा आलेल्या. महिन्यातून एकदा कोठाराचं दार उघडायचं, माप घ्यायचं आणि नवऱ्याच्या त्या दुसऱ्या घरासाठी भात मोजायचं. ती माप शिगोशीग भरत होती की वरून हात फिरवून सपाट करत होती? भात न्यायला ती बाई स्वतः यायची की मुलाला पाठवायची? मागच्या दारी थांबायची की खळ्यात? दोघी एकमेकींशी बोलायच्या का, आणि बोलल्या तर कशाबद्दल? पावसाबद्दल? हे प्रश्न वहीत नाहीत, कुलवृत्तान्तात नाहीत, डीएनएच्या अहवालात तर नसणारच. तुमची कादंबरी इथे आहे.

शिवाय काळ बघा. 1942 साली ब्रह्मदेश जपान्यांच्या ताब्यात गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. रत्नागिरी जिल्हा आधीच धान्याला कमी, मुंबईच्या मनीऑर्डरींवर चालणारा. सोळा पायल्यांचा मण धरला तर पाच पायली म्हणजे मणाचा तिसरा हिस्साही नाही, आणि भात कांडल्यावर तांदूळ त्याहून कमी. तरी त्या दोन-तीन वर्षांत दरमहा एवढं भात घराबाहेर देणं ही साधी गोष्ट नव्हती. त्या महिन्यांच्या नोंदी नीट बघा. पाचाचे चार झाले का? एखादा महिना गाळलाय का? नसेल गाळला, तर तुमच्याकडे अख्खं एक प्रकरण आहे.

ती हे का करत होती, ते मात्र ठरवून टाकू नका. मरताना नवऱ्याला दिलेला शब्द असेल. पोरं मोठी होऊन वाटा मागतील ही धास्ती असेल. खरंच कामाची मजुरी असेल. किंवा त्या दोघींमध्ये असं काही असेल ज्यात पणजोबांचा संबंधच नव्हता, बाळंतपणात केलेली सोबत वगैरे. थोर मनाची सोशीक पणजी ही मूर्ती तुमच्या हातून आपोआप घडायला लागेल, कारण घराण्याचा अभिमान पणजोबांकडून उठला की बसायला जागा शोधतो. त्याला बसू देऊ नका. पणजीला राग येऊ द्या, क्षुद्रपणा करू द्या, एखाद्या महिन्यात जुनं, किडकं भात देऊ द्या.

आजींच्या वाक्याकडेही परत एकदा बघा. त्या 1946 साली घरात आल्या, तेव्हा नोंदी थांबून दोन वर्षं झाली होती. म्हणजे 'ती कामाला होती' हे वाक्य त्यांचं नव्हे. नव्या सुनेला ते कुणीतरी दागिन्यांच्या डब्याबरोबर सोपवलं आणि त्यांनी ते तुमच्यापर्यंत आणलं. घराण्यात जमीन, नाक आणि रागीटपणा उतरतो तशी अशी तयार वाक्यंही उतरतात. तुमच्या घरात आणखी कोणती आहेत, त्यांची यादी करा. 'आमच्यात असं नसतं' यानं सुरू होणारी सगळी आधी घ्या.

कादंबरी की इतिहास, याचं माझं उत्तर: कादंबरी. आणि एकदा कादंबरी म्हटलं की पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कादंबरीच. अॅलेक्स हेली या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाचं 'रूट्स' 1976 साली आलं. गुलाम म्हणून पकडून नेलेल्या कुंटा किंटेपासून स्वतःपर्यंत सात पिढ्यांचा माग आपण काढलाय, असं हेलींचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी त्यावरची मालिका सलग आठ रात्री दाखवली गेली आणि अमेरिकेत घरोघरची माणसं आपापले पूर्वज शोधायला दफ्तरखान्यांत जाऊ लागली. मग संशोधकांनी कागद तपासले. ज्या जहाजातून कुंटा 1767 साली आला असं हेली सांगत, ते पोचण्याआधीपासूनच पुस्तकातला तो गुलाम व्हर्जिनियाच्या कागदपत्रांत होता. गाम्बियातल्या गावात ज्यानं त्यांना पूर्वजाची कथा ऐकवली, त्या माणसाला पाहुण्याला काय ऐकायचंय याची कल्पना आधीच होती. (आपल्याकडचे भाटही बिदागी देणाऱ्याच्या कुळाला कमीपणा येईल असं सहसा काही सांगत नाहीत.) कुंटा किंटे हे पात्र या सगळ्यातून वाचलं, आजही वाचताना अंगावर काटा येतो. वंशावळ मात्र वाचली नाही. दोन्हींचा मान एकाच पुस्तकाला हवा होता, तिथे ते अडकलं. तुम्ही 'सत्य घटनेवर आधारित' ही ओळ कुठेही छापू नका.

कुलवृत्तान्त टाकून द्या असं मी म्हणत नाही, फक्त तो काय आहे ते लक्षात ठेवा. जुन्या कुलवृत्तान्तांची मांडणी पुरुषाकडून पुरुषाकडे जाते. मुलगी लग्न झालं की त्या झाडावरून उतरते, सून फांदीला लटकवलेल्या पाटीसारखी. पणजोबांना फक्त तीन मुलगेच होते का, हे एकदा विचारून बघा. थॉमस मानच्या 'बुडेनब्रूक्स' या जर्मन कादंबरीत असंच एक घराण्याचं पुस्तक आहे, पिढ्यान् पिढ्यांचे जन्म, लग्नं, मृत्यू नोंदलेलं. शेवटच्या पिढीतला लहानगा हान्नो एके दिवशी पट्टी घेऊन स्वतःच्या नावाखाली नीट दुहेरी रेघ मारतो, हिशेब संपल्यावर मारतात तशी. बाप खवळतो तेव्हा पोर चाचरत सांगतं, मला वाटलं, पुढे आता काही यायचं नाहीये. चार पिढ्यांच्या ऱ्हासाची आठवण त्या एका रेघेनं राहते. तुमच्याकडे तर तशी वस्तू आयती आहे, आणि तिच्यात रेघ ओढून थांबवण्याऐवजी कुणीतरी पुढे लिहीत गेलंय.

सनद मिळवणाऱ्या मूळ पुरुषापासून सुरुवात करू नका, एवढं मात्र आग्रहानं सांगते. मूळ पुरुष सगळ्यांचे सारखेच असतात. खोतांच्या चार पिढ्यांची मोठी कादंबरी मराठीत आहेच, श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत', 1987 सालची, दोन खंडांची. वाचली नसेल तर वाचा आणि मग तिच्यापासून लांब राहा. तुमची सुरुवात फार तर 1930 च्या सुमाराची असू दे. त्या दशकात खोतीचं काय चाललं होतं? कुळानं पिकवायचं आणि अर्धं भात खोताच्या घरी पोचवायचं, वर वेठ. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 साली जमिनी कसायचं सोडलं आणि संप 1939 पर्यंत चालवला. 1937 साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि जानेवारी 1938 मध्ये त्यासाठी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. हे तुमच्या पणजोबांचं शेवटचं वर्ष. वहीत याबद्दल एक अक्षर तरी आहे का? नसेल, तर ते नसणंही तुमचंच. बाहेर खोतीच्या खाली जमीन हलतेय आणि आत वहीत शांतपणे पाच पायली, पाच पायली. पुढे 1949 चा खोती निर्मूलन कायदा आला. कूळ कायद्यानं 1 एप्रिल 1957 रोजी कसणारी कुळं मालक मानली गेली. त्या बाईच्या घरच्यांना जमीन मिळाली का? कुणाची? ही कादंबरीची दुसरी पिढी. आणि इथे काकांच्या रागाचं मूळही कदाचित सापडेल, कारण अब्रू हा शब्द पुष्कळदा सातबाऱ्याच्या जागी वापरलेला असतो.

तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही: जात. तुमची नाही, त्या बाईची नाही. 'खालची वाडी' एवढंच. पत्रात चालून गेलं, कादंबरीत चालणार नाही. त्या बाईला नाही म्हणायची सोय होती का, हा प्रश्न जातीशिवाय आणि कुळाच्या अर्धेलीशिवाय विचारताच येत नाही. आणि तो न विचारता लिहिलंत तर हातात उरेल ती खोताच्या वाड्यातली हळवी प्रेमकथा. मग कोकणी घराच्या पडवीचं चित्र मुखपृष्ठावर येईल आणि ते फार गोड दिसेल.

हक्काबद्दल. घराण्याच्या गोष्टीत असली माणसं यायची नसती तर महाभारत लिहून झालंच नसतं. कुरुकुळाची कथा सांगणारे व्यास हे सत्यवतीचे लग्नाआधीचे पुत्र आणि धृतराष्ट्र-पांडूचे खरे जनक. सगळ्यात शहाणा विदुर दासीपुत्र, म्हणून गादीला अपात्र. त्याच्या आईला मात्र महाभारतात नाव नाही, ती दासी एवढंच. तुमच्या वहीत निदान नाव तरी आहे. तेव्हा पणजोबांबद्दल, पणजीबद्दल, काकांच्या नाकाबद्दल लिहायचा तुम्हांला पूर्ण हक्क आहे, ते तुमचे आहेत. पण त्या बाईच्या मुलाच्या तोंडून 'मी' म्हणू नका. तो 'मी' मराठीत बोलून गेलाय. शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' हे आत्मकथन 1984 साली आलं. बाप पाटील, आई महार, आणि बापाचं नाव लावायची वेळ आली की पायाखालची जमीन सरकणारा मुलगा. ते वाचल्यावर खोताच्या पणतीनं तिकडून बोलायचं धाडस करू नये, आणि गरजही नाही. कोठाराच्या आत उभं राहून जे दिसतं ते अजून फारसं कुणी लिहिलेलं नाही.

आता जे तुम्ही विचारलंच नाहीत ते. तुम्हां सगळ्यांना काकांच्या अब्रूची काळजी पडलीय. माझी काळजी वाडीतल्या त्या दोन माणसांची आहे, ज्यांचे चेहरे काकांसारखे आहेत. त्यांनी तुमच्याकडे काही मागितलेलं नाही. त्यांची मुलं शाळेत जातात, लग्नं जमवायची असतात. कादंबरी आल्यावर तुम्ही पुण्यात सत्कार घ्याल आणि त्यांना एसटीत कुणीतरी डोळा मारेल. म्हणून गाव बदला, नुसतं नावानं नव्हे, तालुकाच बदला. वाडीची दिशा बदला, मुलांची संख्या बदला, चेहऱ्यांचं साम्य काढून दुसरं काही घ्या. त्या बाईचं वहीतलं खरं नाव तुमच्यापाशीच राहू दे. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, त्यात तिच्या मुलांच्याही सापडतील. मोह होईल, पण त्या काढू नका. अशा नोंदींवर लोकांचे जातीचे दाखले उभे असतात, तो तुमच्या कथानकाचा कच्चा माल नाही. डीएनए टेस्टचं उत्तर यातच आलं. तुलनेला नमुना कुणाचा घेणार? वाडीत जाऊन त्यांच्याकडे थुंकी मागणार? चुलतभावाला सांगा, गप्प बस.

स्वतःच्या घरातलं मात्र खुशाल उकरा. ते माप कुठेतरी असेल, शोधा. महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी'त देशपांड्यांच्या दारात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत पडलेला असतो आणि घरातल्या दागिन्यांवर सगळ्यांची नजर असते. घराण्याबद्दल जे कुणी मोठ्यानं बोलत नाही ते या दोन गोष्टी बोलतात. रंगभूमीवर ते 1985 साली आलं, अजून ताजं आहे.

'मी कोण' या प्रश्नावर मी तुम्हांला समजूत घालणारं उत्तर देणार नाही. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या 'किंड्रेड' (1979) या कादंबरीतली डेना ही 1976 सालच्या कॅलिफोर्नियात राहणारी कृष्णवर्णीय लेखिका. ती अचानक एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडमध्ये ओढली जाते आणि नदीत बुडणाऱ्या एका गोऱ्या मुलाला वाचवते. तो गुलामांच्या मालकाचा मुलगा, आणि डेनाचा पूर्वज. तो मोठा होऊन अॅलिस या कृष्णवर्णीय स्त्रीवर जबरदस्ती करणार, त्यातून जन्मणारी मुलगी डेनाची पूर्वज होणार. म्हणजे डेनाला जन्माला यायचं असेल तर त्याला जगवणं भाग आहे. पुढे तर अॅलिसला त्याच्याकडे जायला सांगायचं कामही तो डेनावरच टाकतो, आणि ती ते करते. आपलं असणंच एखाद्या अन्यायावर उभं असेल तर काय, हे मी वाचलेल्यांत याहून निर्दयपणे कुणी मांडलेलं नाही. बटलर शेवटी डेनाला सुटका देतात, पण धड देत नाहीत.

तुमच्यात आणि डेनात एक फरक आहे, तो लपवू नका. तिच्या अंगात अॅलिसही आहे. तुमच्या अंगात ती बाई नाही, तुम्ही फक्त वाड्याच्या बाजूच्या. तुम्हांला पणजोबांकडून पाप वगैरे आलेलं नाही, त्याबद्दल झोप घालवू नका. पण शिक्षण आलं, पुण्यातलं घर आलं, आडनाव सांगितल्यावर समोरचा जरा सरळ बसतो ते आलं. त्यात अर्धेलीच्या भाताचा वाटा किती, हे तुमच्या नायिकेला कधीतरी मोजावं लागेल, आणि ते मोजताना ती बँकेतली नोकरी करणारीच असू दे. व्याजाची गणितं तिला येतात.

उरले काका. 'बुडेनब्रूक्स' 1901 साली आली तेव्हा ल्युबेक गावात कुठलं पात्र म्हणजे कोण, याच्या याद्या हातोहात फिरल्या. मानच्या काकांनी तर बारा वर्षांनी, 1913 साली, गावच्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन पुतण्यावर आग पाखडली, की हा आपलंच घरटं घाण करणारा पक्षी आहे. एका विक्षिप्त पात्रात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला होता. मानला 1929 चं नोबेल मिळालं ते मुख्यतः याच कादंबरीसाठी, 1955 साली ल्युबेकनं त्याला मानद नागरिक केलं, आणि त्याच्या आजोबांचं घर आज कादंबरीच्याच नावानं ओळखलं जातं. तुमच्या काकांना हे ऐकवू नका, ते आणखी चिडतील. हस्तलिखितही दाखवू नका. छापायला द्यायच्या आधी एकदा घरी जाऊन सांगा, की असं पुस्तक येतंय. ते कळवणं असेल, परवानगी मागणं नव्हे, आणि दोन्हींतला फरक तुमच्या आवाजात ऐकू आला पाहिजे. आणि त्यांना बोलू द्या. पणजीबद्दल त्यांना काहीतरी माहीत असणार. रागाच्या भरात माणूस जे सांगतो ते गणपतीच्या पंगतीत सांगत नाही.

कोर्टाची धमकी अगदीच पोकळ नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार मृत माणसाबद्दलचा मजकूरही बदनामी ठरू शकतो. त्यासाठी तो माणूस जिवंत असता तर त्याच्या लौकिकाला बाधा आली असती असा मजकूर हवा आणि कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा हेतू हवा. हेतू सिद्ध करणं सोपं नसतं, आणि गाव, नावं, नाती बदललेल्या कादंबरीत तर आणखीच अवघड. तरी प्रकाशकाशी करार करायच्या आधी वकिलाला हस्तलिखित वाचायला द्या. आत्ता देऊ नका, आत्ता तुमच्याकडे दाखवायला एक पानही नाही.